अंधारातली बाटली

८ एप्रिल

आज दुपारी दिव्यानीनं प्रयोगाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि तिथून माझं सगळं बदललं. तारीख टाकून लिहून ठेवतो. पुढं कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

"हरवू नको बे," म्हणाली. मला बे म्हणाली. इतके दिवस 'अहो सोलरवाले' होतो.

याच कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. प्रॅक्टिकलच्या मार्कांवरून सरांशी भांडलो, काचेची ब्युरेट आपटली आणि गेटाबाहेर पडलो ते पडलोच. पुन्हा पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. आता त्याच बिल्डिंगच्या स्लॅबवर सोलरचे पॅनल पुसायला येतो. चंद्रपूरचं ऊन पॅनलसाठी एक नंबर, पण हवेत कोळशाची धूळ. आठ दिवस हात लावला नाही की पॅनल तव्यावाणी काळे. तिथंच ही पोट्टी, दिव्यानी, डोक्याला दुपट्टा बांधून निळ्या बाटल्या उन्हात मांडून बसलेली असते. मी रोज पुसायला यायला लागलो. कंपनीला वाटतं, प्रणित सुधारला.

तिचा प्रयोग मला कळला तो असा. ग्राफीन ऑक्साईड नावाचा पदार्थ, ग्रेफाइटपासून करतात. त्याच्यावर झिंक ऑक्साईडचे अगदी बारीक कण बसवायचे. राखाडी पावडर तयार होते. ती रंगाच्या पाण्यात टाकून उन्हात ठेवली की ऊन पावडरला जागं करतं आणि पावडर रंगाला तोडून टाकते. पाणी साफ. आता हे उन्हानंच झालं हे कशावरून? म्हणून तेच पाणी, तीच पावडर, अशी जोडीची एक बाटली फॉइल गुंडाळून कपाटात ठेवायची. अंधारात.

"आणि ती निळीच राह्यली पाह्यजे," दिव्यानी म्हणाली. "ती निळी राह्यली तरच माह्या प्रयोगाले अर्थ आहे. समजलं?"

"हाव. समजलं."

"फॉइल काढू नको. मधून मधून हलवजो. बस."

उद्या तिचा सेमिनार आहे आणि राजदीप गावाला चालला, म्हणून माझ्यावर पाळी आली. राजदीप म्हणजे तिचा सीनियर, पीएच.डी. करतो. ग्राफीन ऑक्साईड तोच करून देतो, या खेपेला तिनं ते पावडरीत जरा जास्तच टाकलं म्हणते. चष्मा, हळू आवाज, खिशात दोन पेन. ती त्याला राजदीपभाऊ म्हणते. सुरुवातीला सगळ्याच भाऊ म्हणतात.

९ एप्रिल

निभावलं कसंबसं.

सकाळी सगळं बरोबर चाललं होतं. उन्हातली बाटली हलवत होतो, सांगितलं तसं थोडं थोडं पाणी काढून कुप्या भरत होतो. निळा रंग आकाशी झाला, आकाशीचा धुरकट, मग तोही गेला. जादूच आहे. मग अंधारातली हलवायला खाली लॅबमध्ये आलो, तेवढ्यात ती सेमिनारला निघालेली खिडकीतून दिसली. कोशाची रेशमी साडी नेसली होती, मधाच्या रंगाची. आरमोरीला तिची मावशी शकुबाई कोशाचं सूत रंगवते, तिच्याकडचीच असणार. मी बाटली हातात घेऊन खिडकीत उभा राहिलो. ती मैदान ओलांडून पार दिसेनाशी होईपर्यंत. खिडकीत कडक ऊन होतं, हे नंतर लक्षात आलं.

दुपारी बाटली बघितली तर फॉइल बुडाशी फाटलेलं. वरचं सोलून बघितलं. पाणी साफ! तळाशी पावडरचा गाळ आणि वर नळाचं पाणी असावं तसं पाणी. जी निळी राहायला पाहिजे होती ती.

माझ्यामुळं उजेड लागला. तिनं वर्ष घातलं आणि मी साडी बघत उभा राहिलो.

ती यायला वेळ होता. निळ्या रंगाची मोठी बाटली फळीवर होती. ड्रॉपरनं थोडा रंग घातला, हलवलं. फिका पडला. पुन्हा घातला, पुन्हा फिका. घाईत माप चुकत असंल असं वाटलं. घालत गेलो, घालत गेलो, शेवटी रंग टिकला. मग नवं फॉइल गुंडाळलं. मी काही खोटं केलं नाही. जे माझ्यामुळं बिघडलं तेच जागेवर आणून ठेवलं.

ती आली, फॉइल उघडलं, बाटली खिडकीशी धरली आणि चक्क उडी मारली. साडीवर.

"प्रणित! पाह्य ना बे! उन्हातली साफ, अंधारातली निळीच्या निळी!"

पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

१३ एप्रिल

तिनं तर्री-पोहे खाऊ घातले, कॉलेजसमोरच्या ठेल्यावर. राजदीपही होता. तर्री तिखट लागून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मला बरं वाटलं. तो अर्धा वेळ फोनवर कोण्या खुशबूशी बोलत होता, "जेवली का, औषध घेतलं का." बहीण असंल.

दिव्यानी म्हणाली, तिच्या गाईड मॅडम खूश आहेत, पोस्टर नागपूरला पाठवायचं आहे. म्हणाली, "आपलं काम झालं." आपलं. घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात गोळीसारखा चघळत होतो.

त्या बाटलीचं सांगावं असं एकदा वाटलं. कायले सांगू? ती हसत होती.

२६ एप्रिल

नागपूरला पोस्टरला पहिलं बक्षीस. तिनं तीन दिवसांपूर्वी मोबाईलवर फोटो दाखवला. पोस्टरच्या खाली आभार: मॅडम, राजदीप, विभागाचे कर्मचारी. मी कर्मचाऱ्यांत पण नाही, मी पॅनलवाला. डोस्कं फिरलं. दोन दिवस स्लॅबवर गेलोच नाही.

आज गेलो तर म्हणते, "कुठी मेला होता? पॅनल काळे झाले, अन् मी कोणाशी बोलू?" राग कुठं गेला कळलं नाही. माझं हे असंच आहे, पेटतो लवकर आणि विझतो तिच्या एका वाक्यावर.

पुढच्या आठवड्यात आरमोरीला जायचं. शकुबाईच्या रंगाच्या शेडमध्ये खरोखरची चाचणी. शेडचं पाणी मागच्या बोडीत जातं. त्या तलावातली मासोळी निळ्या पोटाची निघायला लागली म्हणून मोहल्ल्यातले लोक उठले आहेत. पाणी साफ करा नाहीतर रंगाची भट्टी बंद करा. दिव्यानीनं हा विषय घेतला तोच मावशीसाठी. आईमागं तिला मावशीनंच वाढवलं.

४ मे

आरमोरी. शकुबाई ही बाई मला आवडली. कोपरापर्यंत हात निळे, तोंडात तंबाखूचा खर्रा, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबावा.

"हा कोण, जावई काय?" तिनं पहिलंच हे विचारलं.

माझे कान गरम झाले. दिव्यानी हसत म्हणाली, "नाई वं मावशी, हा सोलरचा आहे."

"मंग उन्हाचाच माणूस. बस बापा, चहा घे."

सिमेंटच्या उथळ टाकीत रंगाचं उरलेलं पाणी सोडलं, पावडर टाकली. दिव्यानी आणि मी लाकडी दांड्यानं ढवळत राहिलो. राजदीप सावलीत बसून नमुने काढत होता, घाम येतो म्हणे त्याला. दुपार कलेपर्यंत टाकी साफ! मोहल्ल्यातले चार म्हातारे बघायला आले होते, एकानं ओंजळीत घेऊन वासही घेतला. शकुबाईनं दिव्यानीच्या गालाला निळा हात लावला. दिव्यानीनं तो पुसला नाही. तसाच गाल घेऊन संध्याकाळपर्यंत फिरली.

बसमध्ये तिचं डोकं झोपेत खिडकीला आपटत होतं. माझ्या खांद्यावर टेकलं असतं तर काय झालं असतं?

८ मे

वाईट दिवस.

तिच्या पद्धतीनं तीच पावडर पुन्हा पुन्हा वापरता येते. ऊन फुकट, पावडर टिकाऊ, हीच तर सगळी गंमत. पण आरमोरीच्या टाकीत दुसरं पाणी अर्धवट साफ झालं आणि आज तिसरं, जसं सोडलं तसंच निळं. ऊन तर असं की डांबर वितळत होतं. आम्ही ढवळतो आहोत, ढवळतो आहोत. म्हातारे पुन्हा आले होते. एक म्हणाला, "पह्यल्या दिवशी हातचलाखी केली काय बाई?"

शकुबाई त्याच्यावर खेकसली, मग दिव्यानीकडं वळून म्हणाली, "तुहा सूर्य सुटीवर गेला वाटते वं." सगळे हसले. ती हसवायलाच बोलली होती, पोरीला सांभाळायला. पण दिव्यानी हसली नाही. शेडच्या मागं जाऊन बोडीकडं तोंड करून उभी राहिली. मी गेलो तर म्हणाली, "मले एकटं राहू दे."

महिनाअखेर मोहल्ल्याची सभा आहे. तोवर जमलं नाही तर शकुबाईची भट्टी बंद.

१२ मे

दिव्यानी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये. पावडर धुते, वाळवते, पुन्हा करते. म्हणते माझंच धुणं कच्चं राहिलं असंल. तोंड एवढंसं झालं. काल डबा तसाच परत नेला.

मॅडमनी शोधून काढलं की दोष ग्राफीन ऑक्साईडच्या बॅचमध्ये आहे. म्हणजे राजदीप. त्याच बॅचवर त्याच्या स्वतःच्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं आहे. मॅडम त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुझ्यावर भरवसा ठेवला, हे वर्ष गेलं समज."

खोटं कायले लिहू, मला बरं वाटलं. आता कळेल तिला कोण कामाचा आणि कोण नाही.

१५ मे

मी राजदीपची कॉलर धरली.

तो स्लॅबवर आला, एवढ्या उन्हात, रुमाल डोक्यावर. हळूच म्हणाला, "प्रणित, माह्या बॅचमध्ये खोट नाई. मी तीनदा तपासली. एप्रिलच्या ९ तारखेले बाटल्या तूच पाहत होता ना? काही वेगळं दिसलं होतं का?"

बस एवढंच. आणि माझं डोस्कं फिरलं. "मले चोर म्हणतं का बे?" म्हटलं आणि कॉलर धरून त्याला स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीला टेकवला. चष्मा पडला. तो काहीच करत नव्हता, नुसता चष्मा शोधत होता हातानं. दिव्यानी धावत आली, मला मागं ओढलं.

"काय करून राह्यला तू? लाज नाई वाटत?"

"हा तुले बुडवून राह्यला, आणि तू मलेच—"

"मले कोणी बुडवत नाई. तू याच्यात पडू नको."

तिनं त्याला चष्मा शोधून दिला, दुपट्ट्यानं पुसून. पुसून!

तो म्हणाला तसं त्या दिवशी वेगळं दिसलं होतं. पण ते माझ्या चुकीमुळं दिसलं होतं. फॉइल फाटलं होतं. मी आता सिद्धच करून दाखवतो. पावडर चांगली असंल तर पक्क्या अंधारात पाणी निळं राहील, मग उन्हात साफ होईल. नाही झालं की बॅच खराब आणि राजदीप खोटा. आरमोरीची न वापरलेली थोडी पावडर माझ्या बॅगेत आहे, शकुबाईकडचं निळं पाणीही एका बाटलीत आणलं होतं.

१७ मे

वरोऱ्याला घरी आलो. आईची धान्याची पत्र्याची कोठी आहे, झाकण लावलं की मुंगीलाही दिसायचं नाही. निळ्या पाण्यात पावडर टाकली, बाटलीला फॉइलचे तीन वेढे दिले, वरून काळं फडकं, आणि तांदळात खुपसून ठेवली.

"कोठीत काय खुपसून राह्यला रे?"

"काही नाई. प्रयोग."

"तांदळात जहर सांडलं तर तुलेच रांधून घालीन," आई म्हणाली. "कॉलेज सोडलं तेव्हा नाई सुचले प्रयोग, आता सुचून राह्यले. पोरगी कोणती आहे?"

आयांना काय दिसत नाही!

१८ मे

सकाळी कोठी उघडली. तांदळातून बाटली काढली. फॉइल कुठंही फाटलं नव्हतं, मी नखानं चाचपून बघितलं. सोललं.

पाणी साफ.

खूप वेळ कोठीला टेकून बसलो. एक किरण नाही, एक फट नाही, तरी साफ. तळाशी पावडर बसली होती, राखाडी नव्हती ती, शाईत बुडवल्यासारखी निळी-काळी. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. तोडाताडी काही नाही, उन्हाचा संबंधच कमी. पावडर रंग नुसता पिऊन बसते. पोट भरलं की थांबते, म्हणून आरमोरीत तिसऱ्या टाकीला काहीच झालं नाही.

म्हणजे त्या दिवशी खिडकीतल्या उन्हानं काही झालं नव्हतं. बाटली जे झालं तेच दाखवत होती. आणि मी तिच्यात रंग ओतला.

आई म्हणाली, "काय झालं, तोंड काऊन असं?" मी म्हटलं, ऊन लागलं.

२१ मे

तीन दिवस चंद्रपुरात आहे आणि स्लॅबवर जात नाही.

सांगितलं तर? पोस्टर खोटं, बक्षीस खोटं, तिची मॅडमसमोरची मान खाली. आणि मी तिच्यासाठी संपलो. नाही सांगितलं तर ती पावडर धूत बसेल जन्मभर, शकुबाईची भट्टी जाईल आणि राजदीपचं वर्ष जाईल. राजदीपचं जाऊ दे असं कालपर्यंत म्हणत होतो.

आज ठेल्यावर तोच भेटला. मी तोंड फिरवलं तर स्वतःहून आला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधली होती. पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून दिली. त्याची आणि खुशबूची. तारखेवर पेनानं रेघ मारली होती.

"पुढं ढकललं," म्हणाला. "वर्ष पुढं गेलं तं लग्न बी गेलं. तिच्या घरचे म्हणते, पह्यले पीएच.डी. कर. जुनीच पत्रिका आहे, नवी छापू तेव्हा पुन्हा देईन. त्या दिवसाचं मनात ठेवू नको."

मला मनात ठेवू नको म्हणतो. मी!

बहीण समजत होतो. इतके दिवस मी कोणाशी लढत होतो कोण जाणे. पोह्याची प्लेट तशीच ठेवून उठलो.

२२ मे

सांगून आलो.

जातानाच ठरवलं होतं की ती मारेल, मी मार खाईन. किंवा रडेल. रडली तर काय करायचं तेही ठरवलं होतं. मी म्हणणार होतो, दिव्यानी, मी चुकलो, पण का चुकलो ते ऐकून घे.

ती लॅबच्या मागच्या स्टोअरमध्ये होती. खिडकी नसलेली बारकी खोली, जुने तराजू आणि तुटके स्टूल ठेवायची. टेबलावर पावडरच्या पुड्या मांडलेल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साडी, खिडकी, फॉइल, ड्रॉपर. आईची कोठी. काही वगळलं नाही, साडीचंही नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "किती साफ होतं?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी. अंधारातल्या बाटलीतलं पाणी. थोडी निळी झाक होती की पूर्ण साफ?"

"साफ. नळाच्या पाण्यासारखं."

"किती वाजले होते? कलरीमीटरवर रंग मोजला होता?"

"नाई."

"रंग टाकला तेव्हा फिका पडत होता म्हणतं. किती वेळा पडला? एकूण किती टाकला?"

"मोजला नाई. टिकेपर्यंत टाकला."

ती स्टुलावर बसली. "अरे देवा," म्हणाली, "तेवढं जरी मोजलं असतं! पावडर किती रंग पिते, तेच तं होतं ते. मी पंधरा दिवस तेच शोधून राह्यली, अन् तू एका दुपारी करून ओतून देल्लं."

मला समजलं नाही. मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी केलं."

"मले विचारलं होतं?"

मी टेबलावरची एक पुडी उगाच सरळ केली.

"अंधारातली साफ दिसली असती तं मी त्याच दिवशी रडली असती, अन् दुसऱ्या दिवशी रंग पिणारं ग्राफीन कमी केलं असतं. पोस्टर गेलं नसतं, बस. मावशीच्या दारात हसं तं झालं नसतं. अन् राजदीपभाऊ..." तिनं डोळे पुसले, मनगटानं, हाताला पावडर होती म्हणून. मी पुढं झालो तर हात आडवा केला.

मग तिनं फोन लावला. "भाऊ, तुमची बॅच बरोबर आहे. दोष बॅचचा नव्हता. हाव. मी मॅडमले आत्ताच सांगतो. पोस्टरचं बी सांगतो." दुसरा फोन मॅडमना. उभं राहून बोलली, पाठ ताठ. तिकडून बराच वेळ बोलणं येत होतं. ती नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. मध्ये एकदा म्हणाली, "नाही मॅडम, किल्ली मीच दिली होती. चूक माझी." माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान पोस्टरवर नाही तर इथं तरी आलं असतं.

फोन ठेवून ती थेट कामाला लागली. बाटल्या ओळीनं मांडल्या, सगळ्यांत सारखं निळं पाणी, आणि पुड्या उघडून कशात कमी, कशात जास्त पावडर टाकू लागली, किती पावडर किती रंग पिते ते मोजायला. फॉइल गुंडाळायला घेतलं. सभेला आठवडा आहे. जमेल की नाही तिलाही माहीत नव्हतं, पण तोंडावर पंधरा दिवसांत नव्हता तो हुरूप आला होता. एवढं सगळं बुडाल्यावर कोणी असं दिसतं का? मला ही मुलगी अजून कळत नाही.

"मी बसू इथी? हलवत राहीन. या वेळी सगळं मोजीन."

"नको."

"दिव्यानी, मले तुले एक—"

"माहीत आहे मले," ती म्हणाली. डोकं वर केलं नाही, शेवटच्या बाटलीला फॉइल दाबत होती. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "केव्हाचं माहीत आहे. आता नको बोलू. अन् दार लावून जा, उजेड आत येऊन राह्यला."

मी बाहेर आलो. स्टोअरचं दार फुगलेलं आहे, एका ओढीत लागत नाही. दोन्ही हातांनी कडी धरली आणि ओढून पक्कं लावलं.